विहिरीचा डोळा

आधी काकीचं सांगते, विहिरीचं नंतर.

रत्नागिरीजवळच्या पालीच्या बाजारातून आत वळून चढण चढलं की एक वाडी लागते. तिथल्या काकीनं आम्हाला तिच्या घराची पडवी राहायला दिली. माझे मालक, म्हणजे नवरा, खोकून खोकून निळे पडले तेव्हा रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात त्यांना तिनंच नेलं. केसपेपरच्या रांगेत तीच उभी राहिली, कारण कुठल्या खिडकीला जायचं ते मला कळत नव्हतं आणि विचारायची भीती वाटत होती. आणि एके दिवशी, वाडीतली बरीचशी माणसं विरोधात असताना, ती माझ्या एका शब्दावर विहिरीत उतरली. त्या वयात, त्या गुडघ्यांनी. तिचं नाव इथं लिहीत नाही, तिला ते चालायचं नाही. पण हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना मी गोंधळेन आणि तिचंच काहीतरी राहून जाईल.

मी इथली नाही. आमचं गाव अजिंठ्याच्या डोंगरापलीकडं. तिकडं कातळ काळा आणि पाणी खोल. विहीर खणताना कधी कधी कातळात पोकळी लागायची आणि त्या पोकळीच्या आतून सगळीकडं फुलं उगवलेली असायची. दगडाचीच फुलं. पांढरी, ज्वारीच्या लाह्यांसारखी. कधी फिकी गुलाबी, कधी काचेसारखी स्वच्छ आणि आत हिरवी झाक. आम्ही त्यांना फुलंच म्हणायचो. पोकळीचं तोंड फुटून आत चमकताना दिसायचं, त्याला म्हणायचो डोळा. डोळा लागला म्हणजे आत फुलं आहेत.

पूर्वी ती फुलं बांधावर टाकून देत. मग एक व्यापारी गाडी घेऊन आला, आणि त्यानंतर आमच्या गावात कुणी दगड फेकला नाही. अंगठीत बसवतात तसली रत्नं ही नव्हेत. उपरत्न म्हणतात, शोभेचं. लांबच्या देशातली माणसं काचेच्या कपाटात ठेवतात म्हणे, काही जण झोप लागावी म्हणून उशाशी ठेवतात. हे आम्हाला आमच्या टोळीच्या मुकादमानं सांगितलं तेव्हा माझे मालक हसले होते. म्हणाले, "हे काढायला लागल्यापासून आपल्या गावात कोण झोपलंय?"

झालं असं की विहिरी पाण्यासाठी खणायच्या राहिल्या. अर्ध्यावर डोळा दिसला की खाली जाणं थांबवायचं आणि त्याच्या मागं आडवं जायचं, उंदराच्या बिळासारखं. वरून बघणाऱ्याला विहीरच दिसायची. ज्या विहिरींना पाणी होतं त्यांचंही पाणी हळूहळू कुठंतरी उतरून गेलं. कातळाला सुरुंगांनी इतक्या भेगा पडल्या की पाणी ठरेना. कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाही. आम्हीच केलं. ज्याच्या शेतात डोळा लागला नाही तो मनातून खट्टू असायचा.

फुलं वर आली की त्यांच्यावर गंजाचा डाग असायचा. तो काढायला अ‍ॅसिडच्या टबात बुडवून ब्रशनं घासावी लागायची. ते काम बायका-पोरींचं. फुलाची पाकळी मोडली की त्याला कोणी विचारत नाही, म्हणून बारीक बोटांच्या पोरी हव्या असायच्या. माझी बोटं बारीक. सातवीतून माझी शाळा सुटली ती तिथं. टबाचं पाणी ओढ्यात ओतायचो. पहिल्यांदा शेळ्या त्या ओढ्याला तोंड लावेनाशा झाल्या, मग काठची करडई जळाली. आम्ही ओतायची जागा थोडी खाली नेली, एवढंच केलं.

लग्न झालं ते अशाच एका आडव्यात उतरणाऱ्या माणसाशी. ते, आणि माझे मोठे दीर. कोरड्या दगडात मशीन चालवायचं, धूळ खायची, वर आलं की गूळ खायचा. गुळानं धूळ उतरते असं सगळे समजत. एकदा आडव्याचं छत बसलं आणि दीर आतच राहिले. पंचनाम्याला सगळ्यांनी सांगितलं, विहीर खणताना दरड आली. आडव्याचं नाव कुणी काढलं नाही, कारण आडवं कुठं कागदावर नव्हतंच. मीही तेच सांगितलं. ते ज्या फुलांमागं गेले ती कुणाच्या कपाटात आहेत कोण जाणे. नंतर आम्ही मुलीला माझ्या बहिणीकडं शाळेला ठेवलं आणि मुकादमाच्या टोळीबरोबर बाहेर पडलो. मी मालकांकडून वचन घेतलं होतं, यापुढं फक्त पाण्याची विहीर.

पाण्याच्या विहिरी खणत खणत टोळी रत्नागिरीला आली. काकीच्या वाडीचं काम मुकादमानं घेतलं होतं.

मला आधी वाटलं, इथं कशाला विहीर. एवढा पाऊस, एवढं हिरवं. मग कळलं. वाडीच्या डोक्यावर सडा आहे, म्हणजे लाल जांभ्याचं मोठं पठार. तो जांभा पावसाळाभर पाणी पितो आणि उन्हाळाभर खाली सोडत राहतो. त्याच्यावरच वाडीचा पऱ्या, म्हणजे ओढा, वाहायचा. पण आता सड्यावर चिरेखाणी झाल्यात. घरं बांधायचे चिरे मशीननं कापून काढतात, मोठमोठे चौकोनी खड्डे पडलेत. पऱ्या आता दिवाळीनंतर लगेच सुकतो. म्हणून विहीर, आणि तीही शिमग्याच्या आत हवी होती, मुंबईची माणसं येतात म्हणून.

टोळीनं पालं ठोकली होती. एका सकाळी काकी आली, आमच्या पालात डोकावली, मालकांचा खोकला ऐकला आणि म्हणाली, "गो बाय, ह्या मानसाक दव लागतोय. माज्या पडवीत ये." मी म्हणाले, आमचं सामान फार आहे. ती म्हणाली, "काय ता? दोन भांडी नि एक खोकला."

त्या दिवसापासून आम्ही पडवीत. मला तिथंही झोप धड लागायची नाही. कधी उठवतील, आपण काय चुकलो तर, तांब्या कुठं ठेवायचा, मोरीत किती पाणी सांडायचं, सगळ्याची धास्ती. काकी म्हणायची, "तू चोरासारखी काय चालतंस? पाय टेकव."

आता त्या दुपारचं.

सकाळी सुरुंग उडवले होते. लाल माती, मग शेवाळी चिकण माती, सगळं संपून खाली काळा कातळ लागला होता, आमच्याकडच्यासारखाच. मालक तळाशी दगड भरत होते. मी काठावर यारीच्या दांड्याला होते. यारी म्हणजे विहिरीवरची क्रेन, तिच्या दोरानं लोखंडी डबा खाली सोडायचा आणि भरला की वर घ्यायचा. काठावर रोजच्यासारखी वाडीतली माणसं उकिडवी बसलेली. वाडीचा गावकर, म्हणजे ज्याचा शब्द देवळात आणि बैठकीत पहिला, तो तंबाखू मळत होता.

खालून मालकांचा आवाज आला. "डोळा लागला."

मी दांडा थांबवला. आणि गावकर ताडकन उठला.

"काय बोल्ला तो? डोळा लागला?"

"डोळा लागला," मागून कुणीतरी म्हणालं.

"डोळा लागला, डोळा लागला," करत एकजण वाडीकडं पळत सुटला.

ह्या वाडीत विहिरीतल्या झऱ्याला डोळा म्हणतात. हे मला त्या दिवशी कळलं. आमचा डोळा त्यांना माहीत नव्हता, त्यांचा आम्हाला. बघता बघता माणसं जमली. नारळ फुटला. काकी हळदकुंकू घेऊन आली, काठावर वाहिलं आणि उरलेलं माझ्या कपाळाला लावलं. गावकर फोनवर मुंबईला सांगत होता, "पानी लागला रे. शिमग्याक येताना मोटार घेऊन या, बारकी नको." सगळे हसत होते. एका म्हाताऱ्यानं विहिरीत वाकून हात जोडले. मी दांडा धरून उभी, कपाळावर कुंकू घेऊन.

मुकादमाला दोन्ही अर्थ झटकन कळले. तो आमच्याकडचाच. माझ्याकडं बघून त्यानं नुसती मान हलवली, बोलू नको म्हणून. वाडीला म्हणाला, "लागलाय, लागलाय. आज गर्दी करू नका, उद्या बघू."

संध्याकाळी मालक डोक्याचं फडकं गाठोड्यासारखं धरून पडवीत आले. गाठ सोडली. आत मुठीएवढं फूल होतं, पाण्यासारखं स्वच्छ, आत हिरवं. त्यांचा चेहरा मी लग्नानंतर इतका उजळलेला पाहिला नव्हता, खोटं कशाला सांगू.

"तिकडं असलं कधी निघालं नव्हतं," ते म्हणाले. "आत हात घातला तर हाताला पार लागत नाही."

"तुम्ही मला काय म्हणाला होता?"

"एकदा. हे एकदाच. पोरीचं पुढचं शिक्षण होऊन जाईल."

"तिकडंसुद्धा सगळे एकदाच म्हणत होते."

मग त्यांना खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत दोघांनाही बोलता आलं नाही. पोरीचं नाव काढल्यावर मलाही लोभ झाला होता, हेही इथं लिहिते. फूल फार सुंदर होतं. इतकी वर्षं घासून घासून मला त्यांचा राग यायचा, तरी ते मी दिव्याजवळ धरून बघितलंच.

सकाळी मुकादम पडवीच्या पायरीशी येऊन हळू आवाजात सांगून गेला. व्यापाऱ्याला फोटो पाठवला होता. आडवं जायचं. "वाडीला सांगायचं, डोळा मोठा करतोय," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. "खोटं कुठंय त्यात?"

ते मला सहन झालं नाही. सुरुंगापेक्षा ते हसणं. मी आत गेले. काकी चुलीपाशी भाकरी थापत होती. मी उभ्यानंच सांगून टाकलं, सगळं. फुलं, आमच्याकडचा डोळा, आडवं, पाणी कसं गेलं ते. दीरांचंही सांगितलं. काकीनं भाकरी उलटली, दुसरी बाजू भाजून घेतली.

"म्हंजे पानी नाय?"

"अजून नाही."

"मग मी हळद वायली ती कशाक?"

मला रडू आलं. ती म्हणाली, "रडतंस काय, भाकरी खा. मग जाऊ."

वाडीच्या देवळासमोर दगडी सहाण आहे, शिमग्यात पालखी तिच्यावर बसते. बैठकी तिथंच होतात. काकीनं गावकराला बोलावलं, गावकरानं मुकादमाला, आणि दुपारपर्यंत सगळी वाडी तिथं. पाणी नाही हे कळल्यावर आधी आमच्यावरच राग निघाला. घाटावरची माणसं ती, फसवणारच, असं एकजण मोठ्यानं बोलला. मी मालकांच्या मागं सरकले.

मुकादम हुशार. त्यानं लगेच फूल मागवलं आणि सहाणेवर उन्हात ठेवलं. म्हणाला, लपवायचं मनात नव्हतं, खात्री झाल्यावर सांगणारच होतो. वाडीचा वाटा राहील. देवळावर कौलांच्या जागी स्लॅब येईल, कळस येईल. बोलता बोलता माणसांचा राग विरला. सगळे फुलाकडं बघत होते. माणसाचं असं होतं, मी गावाकडं किती वेळा पाहिलंय.

"पानी काय, टँकर येतोच," कुणीतरी म्हणालं.

गावकर म्हणाला, "आधी ह्या करू, मग खाली खनू. विहीर काय पळून जातंय?"

काकीनं मला पुढं ढकललं. "बोल गो."

चार माणसांत मी कधी बोलले नव्हते. मी एवढंच म्हणाले, की आमच्याकडं असंच म्हणून सुरुवात केली, आणि आता माझी बहीण टँकरच्या रांगेत हंडा लावून कामाला जाते.

एक तरणा माणूस हसला. "वयनी, तुमची विहीर तुमच्याकडं. ही रत्नागिरी हाय. आमचा पाऊस बगितलाव काय?"

"बगितलाय," काकी म्हणाली. "फागुनात कुटं असतो रे तो? मुंबैक?"

लोक हसले, पण तो चिडला. "काकी, तू तुजा सडा चिरेखाणीक दिलास तवा नाय बोललीस ती. आता बोलतंस?"

मला हे माहीत नव्हतं. काकीनं पदर सारखा केला. ती एवढी थकलेली मला आधी कधी दिसली नव्हती.

"दिला," ती म्हणाली. "पोराच्या आजारपनात दिला. पोरगा नाय ऱ्हायला, सडा पन नाय ऱ्हायला. म्हनून तर बोलतंय." मग मुकादमाकडं वळून म्हणाली, "मला खाली सोडा. बगूंदे तुमचा डोळा कसला हाय तो."

कुणालाच ते खरं वाटलं नाही. पण ती विहिरीकडं चालायलाच लागली. डब्यात बसायला तिला दोघांनी धरलं. यारीच्या दांड्याला मी. आयुष्यात इतकी घाबरून मी दांडा कधी ओढला नव्हता.

"हळू सोड गो बाय," डब्यातून आवाज आला, "मी काय चिरा नाय."

मालक आधीच शिडीनं खाली उतरले होते. त्यांनी तिला धरून उतरवलं, बॅटरी दिली. वरून तिचं पांढरं डोकं एवढंसं दिसत होतं. ती डोळ्यापाशी वाकली आणि कितीतरी वेळ तशीच राहिली. मग तिनं आत हात घातला, पार खांद्यापर्यंत.

वर आली तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत ओला होता. ती सरळ गावकराकडं गेली आणि ओला तळवा त्याच्या गालाला लावला.

"घे. तुजा कळस."

गावकरानं गाल चाचपला. मग बोटं हुंगली, कशाला कोण जाणे.

"आत लय सुंदर हाय," काकी म्हणाली, "खोटा नाय बोलत. देवळातल्या काचेच्या हंड्यांसारखा. पन ता रडतंय आतून. थेंब थेंब."

मुकादम म्हणाला, "सगळ्या कातळाला ओल असते. म्हातारीला काय कळतंय."

तेव्हा माझे मालक बोलले. शिडी चढून आले होते, दम लागलेला, शिडीला धरूनच बोलले. "आमच्याकडं पण डोळा पहिल्यांदा ओलाच असायचा," ते म्हणाले. "म्हणून तर फुलं इतकी स्वच्छ होतात. आडवं गेलं, सुरुंग लावला, की दुसऱ्या वर्षी कोरडा."

मुकादमानं त्यांच्याकडं असं पाहिलं की मला वाटलं आता मारतो. मालकांनी मान खाली घातली. ते फूल त्यांनी पोरीसाठी मनात केव्हाच विकलं होतं, आणि एवढं बोलून ते सगळ्यांसमोर सोडून दिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

वाडीनं ठरवलं असं मोठं काही झालं नाही. गावकर एवढंच म्हणाला, "नको मग." आणि तंबाखू काढली.

दुसऱ्या दिवशी मुकादम यारी, कंप्रेसर, माणसं घेऊन गेला. जाताना मालकांना म्हणाला, आता कोल्हापूरपर्यंत कुठल्या विहिरीवर तुला कोणी उभं करणार नाही. ते खरं झालं. आमचं पाल त्यानं चिखलात फेकलं होतं. काकीनं ते धुऊन तिच्या आंब्यावर वाळत घातलं. मी विचारलं, आम्ही आता कधी जायचं? ती म्हणाली, "विहीर अर्धी टाकून कुटं जातंस?"

मग विहीर हातांनी झाली. सुरुंग नाही. पहार, छिन्नी, दगड फोडायची सुतकी आणि कप्पीला दोर. मालक आणि वाडीतले पुरुष, आळीपाळीनं. डोळ्याच्या खाली जायचं, त्याला धक्का लावायचा नाही. फार सावकाश. शिमगा आला, मुंबईची माणसं पाण्याची मोटार घेऊन आली, आणि विहिरीत चमचाभर ओल. त्या मोटारीवरून वाडीत आजही एकमेकांना टोमणे मारतात. गावकराला तर "बारकी नको" असं नावच पडलंय. मला ते हसणं ऐकवत नव्हतं. वाटायचं, पाणी लागलं नाही तर हे सगळे माझं नाव घेतील, एवढं देवळाचं काम माझ्यामुळं गेलं म्हणतील. रोज सकाळी उठून आधी विहिरीत डोकावायचे, तोंड धुवायच्याही आधी.

चैत्रात पाणी चढलं. वाजतगाजत नाही. एका सकाळी मालकांची तळाशी ठेवलेली सुतकी बुडालेली दिसली, एवढंच. नंतर घागर आडवी करून भरता येऊ लागली, मग उभी बुडाली. मोटार लावण्याइतकं पाणी नाही. वैशाखात बायका नंबर लावून भरतात आणि भांडतातही. पण टँकर त्या वर्षी आला नाही.

पाणी डोळ्यापर्यंत चढायच्या आधी कुणी कुणी उतरून कडेची फुलं खरवडून नेली. दोन-तीन घरांत टीव्हीशेजारी दिसतात. मी बघून न बघितल्यासारखं करते. मालकांनी काढलेलं पहिलं फूल त्यांनी काकीला दिलं. ती त्यानं पडवीचं दार अडवून ठेवते, वाऱ्यानं आपटू नये म्हणून. पाकळ्या बऱ्याच मोडल्यात.

पाणी लागलं आणि मालक पडले. इतके दिवस अंगावर काढलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? ते म्हणाले, दगड. छातीच्या फोटोत फुप्फुसं पांढरी दिसली. धूळ आता अजिबात नको, असं सांगितलं. त्यांना भरती केलं त्या दुपारी मी बाकावर नुसती बसून होते, तर काकी म्हणाली, चल, जरा वारा खा, आणि रिक्षानं मला मांडवीला घेऊन गेली. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला. भाकरी सोडून आम्ही धक्क्यावर बसलो. काकी पाण्याकडं बघत म्हणाली, "एवडा पानी. नि एक घागर भरायची सोय नाय." मग तिनं तिच्या मुलाचं सांगितलं, सड्याचं सांगितलं. चिरे काढून झाल्यावर तिचा तुकडा तिला परत मिळाला. तुकडा म्हणजे खड्डा. ती तिथं गेलेली नाही परत.

हे मी लिहितेय तेव्हा मालक कामावर गेलेत. कुठं, ते लिहायचं टाळत होते. चिरेखाणीवर गेलेत. पलीकडच्या सड्यावर. आंब्याच्या पेट्या भरायचं काम सरलं की इथं आमच्यासारख्यांना दुसरं काय आहे. बहिणीकडं मुलगी दहावीला आहे, तिला शाळेतून काढायचं नाही एवढंच आम्ही दोघांनी ठरवलंय. तोंडाला ओलं फडकं बांधून जातात. संध्याकाळी त्यांचे कपडे मी त्याच विहिरीच्या पाण्यात धुते, पाणी लाल होतं. जो सडा ह्या विहिरींना पाणी देतो तोच आम्ही कापून खातोय, हे मला कळतं. काकीलाही कळतं. ती मला काही बोलत नाही, आणि न बोलणं हाही तिचा उपकारच.

पण मी एक ठरवलंय आणि ते तिला सांगितलंयसुद्धा. तिच्या त्या खड्ड्यात पावसाचं पाणी नुसतं उभं राहतं आणि कडेनं वाहून जातं. मी तिथं माती नेणार आहे. विहिरीतून निघालेली चिकण अजून काठावर पडून आहे, ती आधी. मग पाटीनं, जमेल तशी, पऱ्यातली गाळाची माती. फुटलेल्या चिऱ्यांचा बांध घालून पाणी अडवणार, आणि मातीत काजू लावणार. मालकांना त्या धुळीतून बाहेर काढून ह्या कामाला लावायचंय. कधी जमेल माहीत नाही. मला भीती वाटते की काकी असेतोवर जमणार नाही.

ती ऐकून हसली. म्हणाली, "सडा परत उगवत नाय गो."

मी म्हणाले, सडा नाही उगवणार, पण तुला तिथं सावलीला नेऊन बसवीन.

"बसव मग," ती म्हणाली. "तवर मी बसतंय हिथंच."

बसवीन काकी. तुझे पाय चालत नसले तर पाटीत घालून नेईन, यारीच्या डब्यातून सोडलं होतं तशी, हळू.